चेहऱ्याचं देणं

माझ्या चेहऱ्याबद्दल माझ्याशी बोलणारी पहिली व्यक्ती म्हणजे सोलापुरातल्या एक त्वचारोगतज्ज्ञ. त्याआधी त्याबद्दल बोलणारे पुष्कळ होते, पण ते आईशी बोलत, आत्याशी बोलत, नाहीतर माझ्यादेखत एकमेकींशी बोलत. ‘हिच्या तोंडाचं काहीतरी बघा’ हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की तो चेहरा माझा आहे आणि त्याबद्दल मलाही काही विचारता येईल, हे माझ्या ध्यानातच उरलं नव्हतं. बाईंनी ते विचारलं. आज मी भरलेल्या वर्गासमोर मान वर करून उभी राहते ती त्यामुळे, असं मी मानते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याकडे येणारे सगळे त्यांना बाई म्हणत, मीही तेच म्हणते.

मुरूम सुरू झाले नववीत. आधी कपाळावर बारीक पुटकुळ्या, मग गालांवर, मग हनुवटीच्या कडेला दुखऱ्या गाठी. आईनं जे जे करता येईल ते केलं. सहाणेवर जायफळ उगाळलं, चंदन उगाळलं, मुलतानी माती आणली, सब्जाचं पाणी दिलं. ‘अंगात उष्णता आहे’ यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. आमच्याकडे शेंगांच्या चटणीशिवाय ताट पुरं होत नाही, पण माझ्या ताटातून ती बंद झाली. कुणीतरी लिंबू चोळायला सांगितलं. मी ते चोळून उन्हात शाळेत गेले आणि गाल भाजल्यासारखे काळवंडले. त्या दिवसांत मी तोंड दिवसातून कितीतरी वेळा साबणानं घासून धुवायची. मुरूम म्हणजे मळ आणि मळ म्हणजे आपलाच हलगर्जीपणा, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. फोटोत उजवी बाजू पुढे करायची, वर्गात खिडकीपासून लांब बसायचं, हे कुणी न शिकवता जमलं. या सगळ्यात आईचा काही दोष नव्हता. तिच्या हाताशी जे होतं ते तिनं मायेनं केलं.

बारावीनंतर शेजारच्या एका मुलीनं एका ट्यूबचं नाव सांगितलं. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळाली. रात्री लावायची, बस. आठवडा-दोन आठवड्यांत गाल मऊ झाले, लाली गेली, रंगही उजळला. आत्या म्हणाली, ‘आता कशी छान दिसतेस.’ मी ते मलम कॉलेजभर लावलं. एखादा दिवस चुकला की तोंडाची आग व्हायची, उन्हात गेलं की लालबुंद व्हायचं, गालांवर लव वाढू लागली होती आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येत होते. मला वाटायचं, मलम आहे म्हणून एवढ्यावर भागतंय.

बाईंकडे गेले ती आईबरोबर. भांड्यांच्या साबणानं तिच्या बोटांना इसब झालं होतं, भेगांतून रक्त यायचं. बाईंनी तिचे हात बघितले, चिठ्ठी लिहिली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘आणि तू काय लावतेस तोंडाला?’ मी ट्यूबचं नाव सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ‘कधीपासून?’ एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी माझा चेहरा खिडकीकडे वळवून बराच वेळ बघितला. त्यात कीव नव्हती, किळस नव्हती. आईच्या बोटांकडे त्यांनी जसं बघितलं होतं तसंच माझ्या गालांकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे असं कुणी बघू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. रंग उजळणारं हायड्रोक्विनोन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन, आणि स्टेरॉइड. वांगासारख्या डागांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायचं हे मिश्रण आपल्याकडे गोरं होण्याचं मलम म्हणून घरोघर पोचलं. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं म्हणून आधी गुण आल्यासारखा वाटतो. आतून मात्र त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की सगळं उसळून वर येतं. त्या उसळीला घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. मी एकटीच अशी होते असं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या बारा केंद्रांवर केलेल्या एका पाहणीत, चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचं मलम तोंडाला लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानांतून ती अजूनही मिळतात, हे मला रोज दिसतं.

बाईंनी आधीच सांगितलं, ‘हे सोडवताना तोंड आत्ताहून वाईट दिसेल. काही आठवडे, कदाचित काही महिने. तेव्हा माझ्यावर चिडलीस तरी चालेल, पण ट्यूब परत घेऊ नकोस.’ तसंच झालं. सौम्य मलमावर आणून हळूहळू बंद करताना चेहरा सुजला, ओली आग व्हायची. मी बाईंना फोन करायची आणि काही न बोलता रडायची. त्या ऐकून घ्यायच्या. मग विचारायच्या, ‘आज काय काय लावलंस?’ या प्रश्नाला उत्तर देता देता रडणं थांबायचं.

चेहरा थोडा निवल्यावर एके दिवशी त्यांनी माझ्या केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. केसाचं मूळ, त्याला चिकटलेली तेलाची ग्रंथी, आणि वर उघडणारं बारीक तोंड. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे ग्रंथी जास्त तेल बनवते. त्याच वेळी नळीच्या आतल्या पेशी नीट गळून पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटून बसतात आणि बूच तयार होतं. त्या कोंडलेल्या तेलात, एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जंतू वाढतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध उठतं तेव्हा लालसर, दुखरा मुरूम दिसतो. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी त्याची सुरुवात झालेली असते. उघड्या तोंडाच्या पुटकुळीचा काळा ठिपका हा मळ नसतो, बुचातलं रंगद्रव्य आणि तेल हवेला लागून काळं पडतं. ते साबणानं घासून निघत नाही, घासल्यानं त्वचेला फक्त इजा होते. हे ऐकताना मला जे वाटलं ते शब्दांत नीट सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला अस्वच्छ समजत आले होते. ते खरं नव्हतं, हे बाईंनी केसपेपरवर एका रेघेनं दाखवलं.

औषध कसं लावायचं तेही त्या चित्रावरूनच समजलं. रात्री चेहरा कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढं ट्रेटिनॉइन सगळ्या चेहऱ्यावर, कारण ते दिसणाऱ्या मुरमासाठी नसून अजून न दिसणाऱ्या बुचांसाठी असतं. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, ते जंतूंवर. दोन्ही एकत्र लावलं तर पेरॉक्साइडनं ट्रेटिनॉइनची ताकद जाते, म्हणून वेळा वेगळ्या. पेरॉक्साइडनं उशांचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे पडत, आई कुरकुर करायची. प्रतिजैविकाच्या गोळ्या थोडेच दिवस आणि कधीही एकट्या नाहीत, नाहीतर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. हे सगळं केल्यावर दोन-तीन महिने वाट बघायची. औषध बदलून द्या म्हणून मी किती वेळा हट्ट धरला असेल. प्रत्येक वेळी बाई त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, साध्या कॅमेऱ्यानं माझा फोटो काढायच्या आणि मागचा फोटो शेजारी ठेवायच्या. आरशात मला जो फरक दिसत नसे तो तिथे दिसायचा. चटणी मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात परत सुरू केली. साखर, मैदा आणि दूध यांचा काहींच्या मुरमांशी थोडाफार संबंध दिसतो, शेंगदाण्यावर राग धरायचं कारण नाही, असं त्या आईला म्हणाल्या.

हनुवटीवरच्या खोल गाठी मात्र हटेनात. प्रत्येक गाठ जाताना खड्डा ठेवून जात होती. तेव्हा, २००३ च्या सुमाराला, बाईंनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विषय काढला. त्या दुपारी जे घडलं त्याबद्दल मी त्यांची सगळ्यात जास्त ऋणी आहे.

त्या आईला म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? हिच्याशी बोलायचंय.’ आई गोंधळून बाहेर गेली. बाई टेबलामागून उठल्या, खुर्ची माझ्यापाशी ओढून बसल्या. हे औषध तेलग्रंथींनाच आक्रसून टाकतं, खोल मुरमांवर याच्याइतका गुण दुसऱ्या कशानं येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग धोके सांगितले. ओठ फुटतील, डोळे आणि नाक कोरडे पडतील. रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहावं लागेल. मन फार उदास वाटू लागलं तर लगेच कळवायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. ‘लग्नाचं चाललंय का घरात?’ त्यांनी विचारलं. चाललं होतं, एक स्थळ बघून गेलं होतं. ‘मग आधी काय करायचं ते तू ठरव. आज नाही. घरी जा, विचार कर. नको वाटलं तर दुसरं काही करत राहू.’ हे सगळं त्यांनी मराठीत एका कागदावर लिहून दिलं. दार उघडण्याआधी विचारलं, ‘यातलं आईला काय काय सांगू?’

मी बावीस-तेवीस वर्षांची होते. माझ्या शरीराबद्दलची गोष्ट आधी मला सांगायची, मग माझ्या परवानगीनं आईला, असं माझ्या जगात कधी घडलं नव्हतं. तो कागद मी रात्री पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, स्थळ थांबवायचं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाईंनी सांगितलं का?’ मी म्हटलं, ‘नाही, मी ठरवलं.’ घरात मी स्वतः घेतलेला तो पहिला निर्णय. नंतर बी.एड. करायचं, नोकरी करायची, हे निर्णय मी घेतले ते याच बळावर. लग्न पुढे यथावकाश झालं.

गोळ्यांनी ओठ सोलले, तुपाचं बोट दिवसभर हाताशी असायचं, पण गाठी येणं थांबलं. राहिले ते व्रण. बाईंनी इथेही मला खोटी आशा दाखवली नाही. तपकिरी-काळे डाग आणि खड्डे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या म्हणाल्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत सूज ओसरली की रंग मागे राहतो. तो उन्हापासून जपलं तर महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, विरत जातो. खड्डा आपोआप भरत नाही, कारण तिथे खालचं कोलॅजनच गेलेलं असतं. त्यांनी दोन बोटांनी माझा गाल ताणला आणि हातात आरसा दिला. काही खड्डे ताणल्यावर दिसेनासे झाले. ते उथळ लाटांसारखे, आतल्या तंतूंनी खाली ओढलेले. काही तसेच राहिले. ते सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल. ‘दोघांचे उपाय वेगळे. आणि यातलं काहीच पूर्ण जाणार नाही. निम्मं झालं तर छान झालं म्हणायचं.’

त्यांच्याकडे त्यासाठी लागणारी साधनं नव्हती. त्यांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांना चिठ्ठी दिली, गोळ्या संपून पुरेसा काळ जाऊ दिला, आणि मग पाठवलं. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून मी ते केलं. लाटांसारख्या खड्ड्यांखाली सुई घालून आतले तंतू कापले, त्याला सबसिजन म्हणतात. गाल आठवडाभर निळा-हिरवा होता. अरुंद खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा टोकदार काडीनं एकेक ठिपका देतात, तो पांढरा पडतो आणि तळापासून नवं ऊतक भरून येऊ लागतं. पुढे बारीक सुयांचा रोलर. त्यातून झालेल्या सूक्ष्म जखमा भरताना त्वचा नवं कोलॅजन बनवते, आणि तेही महिन्यांच्या गतीनं. लेसरही असतो, पण आपल्या वर्णाच्या कातडीत त्यानं काळे डाग पडण्याची भीती जास्त, म्हणून माझ्या बाबतीत तो दोन्ही डॉक्टरांनी टाळला. खड्डे आज साधारण निम्मे आहेत. तिरक्या उजेडात दिसतात. बाईंनी आधीच सांगितलेलं असल्यामुळे मी उरलेल्या निम्म्यांसाठी पुढे कुणाच्या मागे लागले नाही. जाहिराती बघून आयुष्यभर पैसे आणि उमेद घालवणारी माणसं मी पाहिली आहेत, माझी त्यातून सुटका झाली.

बऱ्याच वर्षांनी मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि हे देणं माझ्या समजुतीपेक्षा मोठं निघालं. मुरमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग १९६९ साली जगासमोर मांडला तो अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी, जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांच्यासह. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण १९७५ साली सुचवलं तेही क्लिगमन यांनीच. म्हणजे माझा चेहरा ज्या ट्यूबनं बिघडला आणि ज्या औषधानं सुधारला त्या दोहोंच्या मुळाशी एकच माणूस होता. आणि त्या माणसाचं कितीतरी संशोधन झालं ते फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात. १९५१ ते १९७४ अशी जवळजवळ पाव शतक तिथे कैद्यांच्या पाठी-दंडांवर औषधं, प्रसाधनं, रसायनं लावून बघितली गेली. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय होते. कित्येक जण तर खटला चालू असलेले, जामिनाला पैसे नसलेले. थोड्या डॉलरांसाठी ते सही करत आणि आपल्याला काय लावलं जातंय हे त्यांना धड सांगितलं जात नसे. ॲलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली यावर पुस्तक लिहिलं. २००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला, तो मुदत उलटून गेल्याच्या कारणानं टिकला नाही. विद्यापीठाच्या वैद्यक विभागानं माफी मागितली २०२१ साली, शहरानं २०२२ साली. तोवर त्यातले कितीतरी जण गेले होते.

हे वाचून मी अस्वस्थ झाले. मी रोज रात्री वाटाण्याएवढं जे बोटावर घेत होते ते माझ्यापर्यंत असं आलं होतं. सुट्टीत सोलापूरला गेले तेव्हा बाईंना हे बोलून दाखवलं. त्यांनी दवाखाना बंद केला होता, पण वाचन चालू होतं. त्या म्हणाल्या, ‘आम्ही शिकत होतो तेव्हा क्लिगमन म्हणजे पुस्तकातलं एक मोठं नाव. तुरुंगाचं फार उशिरा कळलं. तेव्हापासून औषध लिहिताना वाटायचं, ह्याच्यासाठी कुणाला तरी न विचारता वापरलंय. निदान आपण देताना समोरच्याला विचारून, सांगून द्यावं.’ आईला बाहेर बसवून त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या होत्या, त्यामागे हे होतं.

मी शाळेत मराठी शिकवते. कुणाला औषधाचं नाव सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. पण आठवी-नववीची मुलं माझ्याकडे येतात, कदाचित माझे गाल बघूनच येत असतील. व्यायामशाळेत जाऊन प्रथिनांची पावडर घेणारी मुलं, मोबाइलवर बघून चार-चार सीरम एकावर एक लावणाऱ्या मुली, दुकानातून तीच जुनी ट्यूब आणणाऱ्याही. करोना सरल्यावरही नववीतला एक मुलगा तोंडावरचा मास्क काढत नव्हता. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, त्याच्या आईला बोलावून घ्या असं कुणी म्हणालं. मी मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, ‘तुला डॉक्टरांना दाखवायचंय का?’ तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘हो. पण घरी तुम्ही सांगाल का?’ मी म्हटलं, ‘सांगते. काय काय सांगू ते मात्र तू मला सांग.’